नाशिक ते नॉर्थ केप: बंदर नसलेले दिवस

कोपनहेगनहून निघून नॉर्वेच्या किनाऱ्याने, त्याच्या उत्तर टोकावरच्या नॉर्थ केप या कड्यापर्यंत जाणारी आणि परत येणारी दहा रात्रींची फेरी घेतली, तर त्यातले चार दिवस जहाज कुठेच थांबत नाही. नाशिकमधून गट निघाला की कार्यक्रमाचा कागद हातात आल्याबरोबर पहिली शंका याच चार दिवसांवर येते: इथे पाहायचं काय? शिर्डी–शनिशिंगणापूर–वेरूळ एका दिवसात उरकायची सवय असलेल्यांना रिकामा दिवस म्हणजे पैसे वाया असं वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवसांचे पैसे सगळ्यात चांगले वसूल होतात, मात्र थोडी तयारी घरूनच करावी लागते.

निघण्यापूर्वी

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जिथे सगळ्यात जास्त दिवस जाणार त्या देशाकडे अर्ज, म्हणून या फेरीसाठी नॉर्वे. शुल्क ९० युरो, वैद्यकीय विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं. विमा घेताना त्यात क्रूझचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचून घ्यावं. जहाजावरचा दवाखाना खासगी दराने चालतो आणि भर समुद्रातून हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर साधी पॉलिसी हात वर करू शकते. जहाज स्वालबार्डला जाणार असेल तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो, कारण ती बेटं नॉर्वेची असली तरी शेंगेनमध्ये नाहीत. वाटेत ब्रिटनचं बंदर असेल तर त्यांचा व्हिसा वेगळा.

बॅगेत काय नको हे आधी सांगायला हवं. विजेची किटली, इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर, छोटी इंडक्शन शेगडी यांतलं काहीही जहाजावर चालत नाही. चढताना सामान एक्स-रेतून जातं, वस्तू काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. कारण आगीचं आहे. समुद्रात अग्निशमन दल बोलावता येत नाही.

खाण्याच्या बाबतीत दोन चाळण्या आहेत. पहिली युरोपच्या सीमेवरची: बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवायच्या. दूध पावडर घातलेला चहाचा प्रीमिक्सही यातच मोडतो. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या अशा ताज्या भाजीपाल्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तोही विचार सोडावा. दुसरी चाळणी जहाजाची: बहुतेक कंपन्या फक्त कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटं आत घेऊ देतात. घरचा डबाभर चिवडा अडतो, तोच चिवडा दुकानातून सीलबंद घेतला तर जातो. मेतकूट, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी, लोणच्याची छोटी पाकिटं एवढ्यावर दहा दिवस सहज निघतात. बऱ्याच कंपन्या चढताना प्रत्येक प्रौढाला वाइनची एक बाटली नेऊ देतात. नाशिककरांनी हा नियम वाया घालवू नये, मात्र आपल्या कंपनीचा नियम तपासून आणि बाटली विमानात चेक-इन बॅगेत ठेवून.

कपडे: जुलैत नॉर्वेच्या समुद्रावर दुपारी १० ते १५ अंश असतं. नाशिकच्या थंडीत वापरायचे स्वेटर त्याला पुरतात. कमी पडतो तो वारा अडवणारा पातळ, टोपीचा कोट, जो आपल्याकडे कुणाच्या कपाटात नसतो. जहाज १८ नॉट वेगाने, म्हणजे ताशी ३३ किलोमीटरने चाललेलं असतं. समोरून २० नॉटचा वारा आला की डेकवर उभ्या माणसाला ताशी ७० किलोमीटरचा वारा लागतो, आणि १० अंशांची हवा अंगाला पाच अंशांसारखी जाणवते, निफाडच्या जानेवारीतल्या पहाटेसारखी. लोकर त्या वाऱ्याला चाळणीसारखी आहे. तेव्हा आत एक गरम थर, वर विंडप्रूफ आणि कान झाकणारी टोपी एवढं हवं. मफलर उडतो.

नाशिक ते कोपनहेगन

जुलैत कसारा घाटाच्या भरवशावर विमान पकडू नये. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी–ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे. विमानाच्या आठ तास आधी नाशिक सोडावं. कोपनहेगनला जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच पोचावं. बॅग वाटेत राहिली तर ती मिळवायला एक रात्र हातात राहते. जहाज बॅगेसाठी थांबत नाही.

पहिला दिवस: जहाजावर

मोठी जहाजं बहुतेक ओशनकायच्या धक्क्यावर लागतात. मेट्रोचं जवळचं स्थानक ओरिएंटकाय, तिथून पुढे बस. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून औषधं, पासपोर्ट, एक स्वेटर आणि चार्जर हातातल्या पिशवीत.

चढल्यावर जेवणाकडे धावण्याआधी सुरक्षेची कवायत उरकावी. हल्ली बऱ्याच जहाजांवर चित्रफीत केबिनमध्ये पाहायची आणि मग आपल्या नेमलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, एवढंच असतं. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली तेव्हा नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं.

दुसरं काम मुख्य भोजनगृहातल्या प्रमुखाला भेटण्याचं. शाकाहारी किंवा जैन जेवण आरक्षणाच्या वेळीच नोंदवलेलं असलं तरी पहिल्याच संध्याकाळी समोरासमोर सांगावं: कांदा-लसूण चालतो का, अंडं चालतं का, मासा म्हणजे शाकाहार नव्हे. ते आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाची यादी दाखवतात आणि त्यावर खूण करून द्यायची असते. गोव्याचे, मुंबईचे बरेच लोक स्वयंपाकघरात असतात, त्यामुळे डाळ-भात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

तिसरं काम फोनचं: विमान मोड. देशाचा रोमिंग पॅक बंदरात चालतो, पण किनारा सुटला की फोन जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर त्या पॅकमध्ये नसतात. झोपेत आलेल्या चार अपडेट्सचं बिल चांगलंच झोंबतं.

सुटल्यावर दीड-दोन तासांनी ओरेसुंडची सामुद्रधुनी अरुंद होत चार किलोमीटर रुंदीवर येते. डाव्या हाताला डेन्मार्कचा क्रोनबोर्ग किल्ला, उजवीकडे स्वीडन. हे डेकवरून पाहावं, जेवणाची वेळ त्यानुसार धरावी.

दुसरा दिवस: समुद्रात, स्कागेराक आणि उत्तर समुद्र

पहिल्या समुद्र दिवशी ज्यांना बोट लागते त्यांना बहुधा इथेच लागते. त्याचं गणित सोपं आहे. जहाज पुढे-मागे डुलतं तेव्हा टोकांना जास्त कळतं, डाव्या-उजव्या अंगावर कलतं तेव्हा वरच्या मजल्यांना. म्हणून केबिन मध्यभागी आणि खालच्या डेकवरची घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते कलणं बरंच कमी करतात, पण लाटेवर नाक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. घाटात बस लागणाऱ्यांच्या पर्समध्ये असते ती अवोमिन किंवा मेक्लिझिन आदल्या रात्री झोपताना किंवा निदान दोन तास आधी घ्यावी. दोन्हींनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी नाशिकमध्येच डॉक्टरांना विचारून ठरवावं. पोट रिकामं ठेवणं ही नेहमीची चूक आहे. कोरडा टोस्ट, सफरचंद, आल्याचा तुकडा असं थोडं थोडं पोटात असावं. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये पडून मोबाइल पाहणं सगळ्यात वाईट, कारण कान सांगतो हलतंय आणि डोळा सांगतो स्थिर आहे. उघड्या डेकवर येऊन क्षितिजावर नजर ठेवली की दोघांचं जमतं. बुफे बहुधा वरच्या मजल्यावर असतो, तेव्हा समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी खालच्या भोजनगृहात बसावं.

अंदाज बांधायलाही सोपं आहे. पांढरे तुरे तुरळक दिसत असतील तर वारा १० नॉटच्या आसपास आहे, काळजी नाही. सगळीकडे तुरे आणि वाऱ्याने उडालेले तुषार दिसले तर पंचविसाच्या पुढे. आणि लिफ्टजवळ कागदी पिशव्या टांगलेल्या दिसल्या, तर क्रूला हवामानाचा अंदाज आधीच कळलेला आहे. त्या रात्री जहाज स्टाडच्या भूशिराला वळसा घालतं. तिथे किनारा उघडा आहे, वारे आणि प्रवाह एकमेकांना भिडतात आणि नॉर्वेचे मच्छीमारही ती जागा जपून ओलांडतात. रात्रीची गोळी स्टाडसाठी राखून ठेवावी.

तिसरा दिवस: गाइरांगर

पहाटे सहाच्या आत डेकवर. १५ किलोमीटरचा हा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि पाहण्यासारखं त्यातलं निम्मं जहाज आत शिरतानाच संपतं. ‘सात बहिणी’ धबधबे डोंगरावरच्या बर्फावर चालतात, त्यामुळे जूनमध्ये जोरात आणि ऑगस्टअखेर बारीक. गाव फार लहान आहे. बसने डाल्सनिब्बाला, म्हणजे समुद्रसपाटीवरून सुमारे १,५०० मीटर उंचीवर जाता येतं. वर ढग असेल तर काहीच दिसत नाही, म्हणून तिकीट आधी न काढता सकाळी डोंगराचा माथा पाहून ठरवावं. स्वतःच्या हिशोबाने गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस मात्र आल्याशिवाय ते सुटत नाही.

चौथा दिवस: समुद्रात, आर्क्टिक वृत्त ओलांडून

फेरीतला सगळ्यात चांगला दिवस हाच. पहिल्या समुद्र दिवशी माणूस जहाज शोधत असतो, जेवणघर कुठल्या मजल्यावर आणि लिफ्ट कुठली. आज पाय आपोआप योग्य वळणावर वळतात.

गजर लावू नये. नऊ ते दहा बुफेत सगळं जहाज जमा होतं, ताट घेऊन जागा शोधत फिरावं लागतं. त्याच वेळी खालच्या भोजनगृहात पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसवून नाश्ता देतात आणि तिथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. फक्त तिथलं दार साडेनऊच्या सुमारास बंद होतं. दुपारचं जेवणही उशिरा, दीडनंतर. कारण बारा ते दीड सगळे जेवायला गेले की जहाजाच्या पुढच्या टोकावरची मोठ्या काचांची बैठक मोकळी होते. सकाळी दहाला तिथे खुर्ची मिळत नाही, साडेबाराला निवडून घेता येते.

बाहेर बसायचं असेल तर आधी वारा कुठून येतो ते पाहावं. एका बाजूच्या डेकवर उभं राहवत नाही आणि दुसऱ्या बाजूला, तीस पावलांवर, ऊन खात पुस्तक वाचता येतं. आरामखुर्चीवर टॉवेल टाकून जागा अडवण्याचा आपला एसटीचा रुमाल इथे टिकत नाही. बऱ्याच जहाजांवर अर्ध्या-पाऊण तासाने कर्मचारी टॉवेल उचलून नेतात. फिरण्याच्या डेकवर किती फेऱ्यांचा एक मैल ते पाटीवर लिहिलेलं असतं. गोदाघाटावर सकाळी चालणाऱ्यांना ही सोय आवडते, फक्त ओल्या लाकडावर चप्पल घसरते, बूट घालावेत.

दुपारी बाराच्या सुमारास ब्रिजवरून, म्हणजे कप्तानाच्या कक्षातून, घोषणा होते: जागा, वारा, पाण्याची खोली, उद्याचं हवामान. केबिनमधल्या टीव्हीच्या एका वाहिनीवर नकाशा आणि वेग सतत दिसतो. १८ नॉटने जाणारं जहाज गाइरांगरमधून आदल्या संध्याकाळी सुटलं असेल तर ६६ अंश ३३ मिनिटांचं वृत्त आज दुपारी ओलांडतं. पाण्यावर अर्थात काही रेघ नाही. डेकवर समुद्रदेव नेपच्यूनचा सोंगाडी कार्यक्रम होतो, मानेतून बर्फ टाकून घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. छायाचित्रासाठी बरा आहे, पण ओला शर्ट ताबडतोब बदलावा.

समुद्र पाहायचीही एक पद्धत आहे. दुर्बीण ८ × ४२ ची आणावी. १२ पटीची जास्त दाखवेल असं वाटतं, पण इंजिनाच्या कंपनात चित्र थरथरतं. पंख ताठ धरून, जवळजवळ न हलवता जहाजासोबत तरंगणारा करडा-पांढरा पक्षी फुलमार. मोठा पांढरा, पंखांची टोकं काळी आणि वरून सुरीसारखा पाण्यात घुसणारा गॅनेट. देवमाशासाठी नजर लाटांवर फिरवत बसण्यापेक्षा एकाच पट्ट्यावर पंधरा मिनिटं ठेवावी आणि वाऱ्याविरुद्ध वागणारा फवारा शोधावा. व्हेस्टेरोलेनच्या बाहेर समुद्रतळाला खोल दरी आहे. तिथे स्पर्म व्हेल उन्हाळाभर असतात, पण जहाज तिथून रात्री जातं. दुर्बिणीच्या काचेवर मिठाचे थेंब सुकले की कोरड्या फडक्याने पुसू नयेत, ओरखडे पडतात. आधी ओलं फडकं.

स्पाच्या गरम खोल्यांचा पास समुद्र दिवशी सगळ्यात महाग आणि बंदराच्या दिवशी स्वस्त असतो. सौनात ८० ते ९० अंशांत दहा-बारा मिनिटं पुरे, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर नाहीच. जर्मन जहाजांवर सौनात स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात, हे दार उघडण्याआधी माहीत असलेलं बरं. याच दिवशी घड्याळांचे सेल, चित्रांचे लिलाव, बिंगो यांचाही मारा होतो. दिवसभरात वरखर्च जिथे गळतो तो इथेच, आणि त्यात घेण्यासारखं फार थोडं असतं.

चहाचं काय? यंत्रातलं गरम पाणी आणि पिशवी. दूध गार मिळतं, ते कॉफीच्या यंत्राच्या वाफेवर गरम करून द्या म्हटलं तर देतात. दोन पिशव्या, पाणी निम्मं, दूध निम्मं आणि झाकून चार मिनिटं ठेवलं की आपल्या चहाच्या जवळपास जातं. नाशिक इथून साडेतीन तास पुढे आहे, तेव्हा वाय-फाय घेतलेलं असेल तर घरी फोन दुपारी करावा. रात्री जेवून केला तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते.

नटूनथटून जेवायची रात्र बहुधा समुद्र दिवशीच असते. भारतीय पोशाख औपचारिक धरतात. येवल्याची पैठणी आणली असेल तर तिची जागा हीच, आणि काठांचं कौतुक ऐकत जेवण थंड होतं हेही खरं. पुरुषांना बंदगळा पुरतो, टाय लागत नाही.

आता मध्यरात्रीचा सूर्य, म्हणजे इथे उन्हाळ्यात रात्रीही न मावळणारा. बाराला सगळे डेकवर येतात, छायाचित्रं काढतात आणि झोपायला जातात. सूर्य मात्र बाराला सगळ्यात खाली नसतो. नॉर्वेचं घड्याळ उन्हाळ्यात ३० अंश पूर्व रेखांशाचं असतं आणि जहाज त्या रात्री १२–१३ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्याचा नीचांक साधारण सव्वाला पडतो, बरोबर उत्तरेला, पाण्याच्या थोडा वर. तेव्हा दुपारी झोप काढून रात्री एकला वर यावं, डेक रिकामं असतं. परत गेल्यावर पडद्यांच्या मधल्या फटीतून ऊन डोळ्यांवर येतं, त्यासाठी कपड्यांचे चार चिमटे घरून आणलेले असावेत.

पाचवा ते सातवा दिवस

होनिंग्सवोगला दुपारी. तिथून नॉर्थ केप रस्त्याने ३४ किलोमीटर. कडा ३०७ मीटरचा, अक्षांश ७१ अंश १० मिनिटं २१ सेकंद, काठावर लोखंडी गोल. शेजारचं क्निवशेलॉडन हे भूशिर त्याहून किंचित उत्तरेला जातं, पण तिथे चालतच जावं लागतं. धुकं असेल तर गोलही दिसत नाही. १४ मे ते जुलैअखेर इथे सूर्य मावळत नाही आणि रेखांश २६ असल्याने इथला नीचांक १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास येतो. शेवटची बस त्यानंतरची आहे ना, ते विचारावं.

ट्रोम्सोला केबल कारची रांग जहाज लागल्यापासून तासाभरात वाढते. गुडघे ठीक असतील तर शेजारून नेपाळी शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या वर जातात. लेक्नेसहून लोफोटेनची गावं पाहायला गाडी लागते, पायी काही हाताशी नाही.

आठवा दिवस: समुद्रात, परतीचा

आता जिभेला घर आठवतं. बुफेतून साधा भात, न गोड केलेलं दही, वरून मेतकूट आणि लोणचं: दहा मिनिटांत माणूस ताजातवाना होतो. उत्तरेकडे जाताना किनारा उजवीकडे होता, आज डावीकडे. बाल्कनीची केबिन निवडताना हे लक्षात ठेवावं, एका बाजूला जातानाचा किनारा मिळतो, दुसरीला येतानाचा.

हात साबणाने धुणं या दिवसांत ढिलं पडतं. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरच्या जेलला फारसा दाद देत नाही, साबण-पाणीच लागतं. एकदा त्याने गाठलं तर दोन दिवस केबिनमध्येच काढावे लागतात.

नववा दिवस: बर्गन

पाऊस धरूनच चाला. वर्षाला दोनशेहून अधिक दिवस पडतो, पण इगतपुरीकरांना त्याचं काय. ब्रिगेनची लाकडी घरं आणि १९१८ पासून चालणारी फ्लोयबानेन ही डोंगरगाडी धक्क्यापासून चालत जाण्याजोगी आहेत.

दहावा आणि अकरावा दिवस

शेवटचा समुद्र दिवस बॅगेत जातो, म्हणून बांधाबांध सकाळीच उरकून दुपार मोकळी करावी. खात्याचा हिशोब दुपारी तपासावा. मध्यरात्रीनंतर स्वागतकक्षापुढे लांब रांग लागते, आणि न घेतलेली कॉफी किंवा दोनदा लागलेली टिप दुरुस्त करायला तिथेच जावं लागतं. बॅगांना दिलेले रंगीत टॅग बांधून त्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात. नेमक्या इथे दर फेरीला कुणीतरी सगळे कपडे बॅगेत भरून बाहेर ठेवतं आणि सकाळी पायजम्यावर उरतं. दुसऱ्या दिवशीचे कपडे, बूट, औषधं, पासपोर्ट आणि केबिनच्या तिजोरीतलं सोनं आधी हातातल्या पिशवीत, मग बॅगेची चेन. कोपनहेगनहून विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नये.